एकाच इअरफोनवर

पहाटे इस्पितळात बायको वारली. तिचं डायलिसिस तिथेच खालच्या मजल्यावर व्हायचं, म्हणून कळवायला मीच खाली गेलो. तिच्या शेजारच्या खाटेवर डायलिसिस घेणाऱ्या शिंप्याने मला पाहताच मोबाइल उंचावला.

"दाजी, ताई कुठंयत? परवासारखाच एक सिनेमा सापडलाय! घोडागाड्या, टोपवाले सरदार, नुसती धमाल!"

दोन वर्षं आठवड्यातून तीनदा ती दोघं एकाच इअरफोनवर असले सिनेमे बघायची. तिचं हसू मला बाहेरच्या बाकावर ऐकू यायचं. घरी जाताना मात्र ती गप्प असायची. हसू त्याच्या वाट्याला, थकवा माझ्या.

"ती गेली," मी म्हणालो.

तो रडायला लागला. तेही मला खुपलं.

मग डोळे पुसत म्हणाला, "शोधून शोधून दमायचो, दाजी. ताईंची एकच अट असायची. सिनेमात एक रुसका सरदार हवाच. तो तोंड फुगवून बसला की म्हणायच्या, 'बघा, अगदी आमचे हे! बाहेर बाकावर बसलेत तस्सेच!' आणि मग हसू आवरायचं नाही त्यांना."

त्याने नव्या सिनेमाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.

आता मला त्या सरदाराचाही हेवा वाटतो. सिनेमा अजून पाहिलेला नाही.