लिंबाची फोड

“लिंबू नाही, चटणी नाही, कोशिंबीर नाही. हे काय वाढणं झालं?” वसुमतीबाई कडाडल्या.

त्यांच्या कॅन्सरचे उपचार सुरू झाल्यापासून स्वयंपाकघर अच्युतरावांकडे आलं होतं. बायकोनं शिकवल्याप्रमाणे त्यांनी हे सगळं ताटात डावीकडेच वाढलेलं होतं. उजवीकडची भाजी-आमटी मात्र फस्त झाली होती. त्यांना नवल वाटलं. त्यांनी लिंबाची फोड बोटभर उजवीकडे सरकवली, मग आणखी बोटभर. मधली भाताची मूद ओलांडताच बाई म्हणाल्या, “आता बरं आठवलं!”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा एमआरआय काढून घेतला. “कॅन्सर मेंदूत पसरलाय. उजवीकडे गाठ आहे, भोवती सूज. डोळे ठणठणीत आहेत, पण डावीकडचं मेंदू मोजतच नाही. सुजेच्या गोळ्या आणि रेडिएशन देऊ. कितपत सुधारतंय, बघू.”

तेव्हापासून अच्युतराव सगळंच उजवीकडे वाढू लागले. वसुमतीबाईंच्या लेखी ताट तेवढंच होतं. त्या मुकाट्यानं जेवायच्या. चाळीस वर्षं या ना त्या कारणानं बोलणी खाल्लेल्या अच्युतरावांना ती शांतता अळणी लागायची.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी बाईंनी ताट निरखून पाहिलं. लिंबाची फोड उचलली आणि थेट पलीकडे, डाव्या कडेला नेऊन ठेवली.

“अहो, लिंबू कधी उजवीकडे वाढतात होय? मी चार दिवस आजारी काय पडले, घरातली रीतच बुडवलीत!”

अच्युतरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच, वाद न घालता, दोन्ही कान पकडले.