डोळ्यातलं फूल

दादाचा अमेरिकेतून फोन आला. आवाज तुटत होता. आईला एवढंच ऐकू आलं, “डोळ्यात फूल पडल्यासारखं पांढरं दिसतंय, फोटो ईमेल केलाय.” मग फोन कटला. झेंडूची पाटी तिथंच टाकून आई वणीच्या देवीला चांदीच्या डोळ्यांचा नवस बोलली आणि मला पंचवटीतल्या सायबर कॅफेत घेऊन गेली. फोटो वरून खाली सावकाश उघडत होता. आधी दादाचे केस आले, मग कपाळ. आईनं माझा दंड आवळला. मग डोळे आले, दोन्ही काळेभोर. शेवटी त्याच्या हातातला मासा दिसला, पांढऱ्याफटक डोळ्यांचा. खाली लिहिलं होतं, “याला वॉलआय म्हणतात. डोळे जन्मजात असेच, पण अंधारातही दिसतं.” मी हसत सुटले. “आता कशाला चांदीचे डोळे?” आईनं डोळे पुसले. “माशाच्या नावानं वाहू. आपल्या पोराचं फूल त्यानं सोताच्या डोळ्यात घेतलं.”