टेकडीवरचा आकडा

टेकडीवरची शेवटची खुंटी आसारामने घणाने ठोकली. सुकन्याने यंत्र सुरू केलं आणि पडद्यावरचा आकडा पाहून ती उभीच राहिली. तिने तारा तपासल्या, खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायला लावलं, पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

"काय झालं, मॅडम?" आसारामने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. पण तिला हसू आवरत नव्हतं.

सुकन्या नागपूरहून एका खाण कंपनीकडून आली होती. पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात तिला तांबं आणि सोनं शोधायचं होतं. काम सोपं दिसायचं. जमिनीत वीज सोडायची, बंद करायची आणि खडक ती किती वेळ धरून ठेवतो ते मोजायचं. तांबं असलेला खडक वीज लवकर सोडत नाही, आणि तांब्याबरोबर कधी कधी सोनंही असतं. वाघदरा वस्तीवर आल्या आल्या तिने सगळ्यांना बजावलं होतं, की कुंपणाच्या तारा, जुने पाइप, कसलंही भंगार जवळ असलं तर यंत्र फसतं. तेवढं आधी उचलून घ्या.

आसारामची बायको झुंबरबाई खाली शेरडं वळत होती. टेकडीवरचं ते हसू तिने लांबून पाहिलं आणि तिथे काहीतरी सापडलंय हे ओळखलं. टेकडी त्यांच्याच गटातली. लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर तिने बिऱ्हाड बांधून ट्रकात टाकलं होतं, ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत संसार केला होता. अलीकडे कुठे विहिरीला पाणी लागलं, सीताफळं जगली आणि कोयता सुटला. आता पुन्हा बिऱ्हाड हलवायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

सरपंच कारभारीला मात्र खाण हवी होती. पोरांना नोकऱ्या लागतील, वस्तीवरचं कुणी तोडीला जाणार नाही, असं तो पारावर सांगत फिरायचा. त्याचंही खोटं नव्हतं.

टेकडीवरच्या त्या दिवसापासून आसारामचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवता जेवता उठायचा, दारात जाऊन टेकडीकडे बघायचा. मशीन खोल बघतं का, जमिनी कधी घेणार, असलं काहीबाही तो सुकन्याला विचारत राही. मग एकदा तो पाथर्डीला गेला आणि गाडीवर जड पोतं घेऊन आला. पोत्यात काय आहे, हे बायकोलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुकन्याची माणसं लिंबाखाली जेवत होती. चुकलेलं शेरडू शोधत झुंबरबाई टेकडीखालच्या त्यांच्याच रानात गेली, तर बांधाआड आसाराम त्या पोत्यातली, पाण्याच्या जळक्या मोटारीची तार खड्ड्यात कोंबत होता.

"ह्ये काय करताय?"

"उद्या हितं मशीन लागनार हाय," माती लोटत तो म्हणाला. "जमिनीनं बोलाया नको? जायाचीच हाय तर भाव तरी यील. नगरला खोली घिऊ."

शेरडू न शोधताच ती माघारी वळली.

नंतर तिला घरात बसवेना आणि रानात उभं राहवेना. सुकन्याच्या तंबूकडे निघायची आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर कशी मांडायची? तिकडे खालच्या रानातले आकडे उसळले. सुकन्या बुचकळ्यात पडली, पण कंपनीने भोक पाडायचं मशीन पाठवायचं ठरवलं. कारभारीने पेढे वाटले. एक पेढा झुंबरबाईच्याही हातावर आला. तो तिने तसाच मुठीत धरला आणि थेट तंबू गाठला.

"मॅडम, आमच्या ह्यांनी खालच्या रानात भंगार पुरलंय," ती म्हणाली.

सगळी वस्ती गोळा झाली. तिने दाखवलं तिथे उकरलं. तार निघाली, पुढच्या खड्ड्यात मोटारीचे तुकडे निघाले. आसाराम मान खाली घालून उभा होता. त्याला इतकं लहान झालेलं झुंबरबाईने कधी पाहिलं नव्हतं.

सुकन्याने हळू आवाजात विचारलं, "आसारामभाऊ, टेकडीवर पण?"

"तिथं तर तुमी यायच्या आदीच पुरलं हुतं," तो म्हणाला. "समद्यात जास्ती तिथंच हाय."

सुकन्याने एकदा टेकडीकडे पाहिलं. मग तिने कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, असल्या काळ्या पाषाणात तो आकडा मला पहिल्यापासूनच पटत नव्हता. आता तिथलं एकही माप विश्वासाचं नाही, सामान भरा आणि पुढच्या जिल्ह्यात चला. जाताना सुकन्या झुंबरबाईला भेटली. "मावशी, तुमच्यामुळे आमची मोठी फसगत टळली," म्हणाली आणि टेम्पोत बसली.

कारभारीने चारचौघांत सांगून टाकलं, की पोरांच्या तोंडचा घास हिसकावणाऱ्याच्या दारात आता कुणी पाय ठेवायचा नाही. आसारामने तेही ऐकून घेतलं.

घरी आल्यावर झुंबरबाईने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. तिचा राग उतरला होता. चारचौघांत त्याला मान खाली घालायला लावली, हे आता तिला खात होतं.

"टेकडीवर शेरडं घिऊन मी रोज जाते," ती शेवटी म्हणाली. "मला कसा एकबी खड्डा दिसला न्हाई?"

आसारामने भाकरीचा तुकडा मोडला.

"तिथं म्या कायबी पुरलं न्हाई," तो म्हणाला.