टाकीचं झाकण

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल, भर दुपार. टेकडीच्या चढावर मोटरसायकल तिसऱ्यांदा बंद पडली.

मागच्या सीटवरून नर्सबाई उतरल्या. त्यांनी बॅग छातीशी धरली. गाडी चालवणाऱ्या मेकॅनिकची बायको पलीकडच्या वस्तीत सकाळपासून अडली होती. पहिलटकरीण. निरोप आला तसा तो नर्सबाईंना घेऊन निघाला होता.

मेकॅनिकला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. नुसत्या आवाजावरून तो गाडीचं दुखणं सांगायचा. त्याने प्लग काढून पाहिला. ठिणगी लख्ख. पेट्रोलची नळी काढली. दोन थेंब आले, मग काही नाही. फुंकून पाहिलं, नळी मोकळी. किक मारून मारून पोटरीत गोळे आले.

“काय डॉक्टर, पेशंटच्या पोटात काही आहे की नाही?”

“काठोकाठ भरलंय, बाई. कालच झाकणाला नवा वॉशर बसवलाय, थेंब सांडत नाही. साडीला पेट्रोलचा वास लागतो म्हणून ही रोज डोकं खायची.”

नर्सबाईंनी तरीही झाकण फिरवलं.

टाकीने श्वास घेतला. खोल, लांब, घशातून ओढलेला. दोघंही जागच्या जागी थिजली.

“अरे, ही गुदमरली होती,” नर्सबाई हलकेच म्हणाल्या. “जन्मभर हाच आवाज ऐकत आलेय मी.”

नव्या वॉशरने झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं होतं. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली येणार कसं? सगळं तपासलं, पण आपल्याच हातच्या कामावर त्याला संशय आला नव्हता. त्याने वॉशर उपटून खिशात टाकला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

पोर जन्मली ती निळी पडलेली, गप्प. नर्सबाईंनी तिच्या घशात करंगळी घातली. दाराबाहेर उभ्या बापाला तोच आवाज ऐकू आला. मग रडणं.

नर्सबाई नव्वदीपर्यंत जगल्या. मेकॅनिकला कुणी ‘डॉक्टर’ म्हटलं की तो म्हणे, “डॉक्टर त्या. मी कंपाउंडर.” मुलगी पोहण्यात पटाईत निघाली, एका दमात तळ्याचा तळ गाठून येते.

बायकोला त्याने सगळं खरंखरं सांगितलं. वॉशर पुन्हा बसला नाही. तिच्या साड्यांना पेट्रोलचा वास येतच राहिला. तिने तक्रार मात्र कधी केली नाही.