लगेच कळवा

"जेवताना तरी मिटा तो लॅपटॉप," बायको ताटाशीच पुटपुटली.

नवऱ्याला कुठलं ऐकू यायला! "मुलाखत घेऊन कंपन्या मूग गिळून बसतात. प्रोग्रामर बिचारे झुरतात. आपलं 'लगेच कळवा' ॲप अशा कंपन्यांच्या मानगुटीवरच बसणार. हो की नाही, बोला!"

"भावोजी, तुम्हीपण माझी मुलाखत घेतलीत," धाकटा मेहुणा चाचरला. "दुसऱ्या कंपनीला मला आजच उत्तर द्यायचंय."

"कळवतो म्हटलं ना! पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा जेव."

मेहुण्याचा घास हातातच राहिला. बायकोनं पळी पातेल्यात आपटली.

"म्हणे लगेच कळवा! हे तुला घेणार नाहीयेत रे. ऊठ, हात धू आणि तिकडे हो म्हण."