गाडीत बसलेला जवान

“मेला न्हाई तो. गाडीत बसून घरी आला,” कारभारी ठणकावून म्हणाले.

अक्षताने वहीत नववी रेघ ओढली. केदारखेड्यातला हा नववा माणूस, आणि उत्तर तेच.

अक्षता मंठ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. एकाहत्तरची लढाई खेड्यातल्या लोकांना कशी आठवते, एवढंच तिला लिहायचं होतं. लढाई कुणाला धड आठवत नव्हती. आठवत होता सिनेमा, पंचाहत्तर साली तंबू ठोकून गावोगाव दाखवलेला. मंठ्यात विचारा, शहागडला विचारा, जुनी माणसं एकच सांगत: जवान सुट्टीवर निघतो, अर्ध्या वाटेतून त्याला परत बोलावतात, तो पुलावर एकटा लढतो आणि मरतो. तिरंग्यात गुंडाळून आणतात, सगळी पलटण रडते. अक्षताने तो सिनेमा मोबाइलवर पाहिला होता. जवान मरतो, यात शंकाच नव्हती.

फक्त केदारखेड्यात तो जिवंत होता.

“काका, नीट आठवा बरं. पुलावर...”

“पूलबील काही न्हाई. सुट्टी भेटली, गाडीत बसला, खिडकीतून हात हालवला. घरी आला तवा बायकोनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. ह्या डोळ्यांनी पाह्यलं म्या!”

भाकरतुकडा सिनेमात नव्हताच. पण कारभाऱ्यांच्या डोळ्यांना खोटं कोण पाडणार? अक्षताला हसू आलं, आणि राहवेनाही. एखादा माणूस विसरेल, दोघं विसरतील. अख्खं गाव एकच चूक कशी करेल?

“सिनेमा चालवायचं कोण?”

“आपला तातेराव. स्टँडवर जा. सांजची जालन्याची गाडी येईस्तोवर तिथंच बसून राह्यतो.”

तातेराव बाकड्यावर बसले होते. पंचाहत्तरी उलटलेले, अंगाने काटक. गाडी आली तसे उठून उभे राहिले आणि उतरणाऱ्या एकेकाचं तोंड निरखू लागले. गाडी रिकामी होऊन निघून गेली, तेव्हा कुठे त्यांनी अक्षताकडे पाहिलं. तिचा प्रश्न ऐकून त्यांनी आधी चहा सांगितला. चोराच्या मनात चांदणं, हे तिला त्या चहावरूनच कळलं.

“शेवटचं रीळ म्या चढवलंच न्हाई,” ते म्हणाले. “जवान गाडीत बसला अन् पडदा पांढरा. लोक शिट्ट्या मारून उठले.”

“पण का?”

“कौसल्यावहिनी पुढंच बसल्ती. तिचा नवरा पुंजाराम, माझा दोस्त. भरतीला दोघं संगं गेल्तो. माझी छाती कमी भरली, तो गेला. लढाई झाली, मंग कागद आला. बेपत्ता. मेला असं न्हाई लिव्हलं, बेपत्ता. तिच्या गळ्यात अजून काळी पोत हाय, बाई. तिला मेलेला जवान कसा दाखवू?”

“आणि ते रीळ?”

“तंबूचा मालक दुसऱ्या दिवशी लावंल, म्हणून तंबूमागं कापून टाकलं. सकाळी पोरांनी तुकडे पळवले, उन्हात धरून बघायला. मालकानं पुढच्या गावासाठी नवं रीळ मागवलं अन् मला काढून टाकलं. जाऊ दे.”

अक्षताला एकाएकी लाज वाटली. येत्या रविवारी शाळेच्या भिंतीवर तोच सिनेमा, अगदी शेवटापर्यंत, दाखवायचं तिने जाहीर केलं होतं. गावाची चूक गावालाच दाखवायची हौस! तातेरावांनी हात जोडले.

“वहिनी हाय तवर नको दाखवू. पन्नास वर्षं आशेवर काढली तिनं.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कौसल्याबाईंकडे गेली. सिनेमा रद्द करायचं मनात ठरत आलं होतं, तरी एकदा त्यांना भेटावंसं वाटत होतं. कौसल्याबाई सुपात तूर निवडत होत्या. भिंतीवर वर्दीतल्या पोरसवद्या पुंजारामचा फोटो होता. फोटोला हार नव्हता.

“जय भीम, आजी.”

“जय भीम. ये, बस.”

“आजी, तंबूतला तो लढाईचा सिनेमा आठवतो का?”

“आठवतो की. गाडीत बसला, घरी आला.” त्या हसल्या.

ते हसू पाहून अक्षताचं ठरलं. या बाईची आशा आपल्या हातून मोडायची नाही.

“रविवारचा सिनेमा रद्द झाला, आजी. प्रोजेक्टर बिघडलाय.”

कौसल्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं. उठून दार लोटलं. पेटीतून पावडरचा जुना डबा काढला आणि त्यातून फिल्मचा वीतभर तुकडा काढून अक्षताच्या हातात दिला.

“खिडकीपाशी धर.”

अक्षताने धरला. इवलीइवली चित्रं, सगळी सारखीच. तिरंग्यात गुंडाळलेला जवान आणि भोवती मान खाली घातलेली माणसं.

“पोरं पळवीत होती, तवा एकाच्या हातून घेतला,” कौसल्याबाई म्हणाल्या. “बेपत्ता म्हंजे काय, ते मला कागद आला तवाच कळल्तं. पण ह्यांची माती मला कुणी दाखवली न्हाई. मंग दरसाली हीच बघते.”

अक्षताची नजर त्यांच्या गळ्यातल्या काळ्या पोतीवर गेली.

“मग ही पोत, आजी?”

कौसल्याबाईंनी तुकडा परत डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

“सिनेमा पुरा लाव, पोरी. मला बघायचाय. फक्त तातेराव भावजींना तिथं बसू देऊ नको. त्यांना अजून वाटतं, हे गाडीतून उतरतील.”