न दिसणारी अक्षरं

“आई, पासवर्ड टाक. अक्षरं उमटणार नाहीत, पण टाकत राहा. आत पोचतात.”

स्पीकरमधून ऋजुता बोलत होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या आठवणी आणि तिचं बोलणं तेवढं तिच्याच जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर जपलेलं होतं. कालिंदीबाई शाळेत शिकवायला गेल्या की लेक दिवसभर घरात एकटी पडे. नेटवर्क जोडलं तर तिला मैत्रिणींशी बोलता येईल, म्हणून बाईंनी आज हट्टच धरला होता.

“मला नाही गं जमायचं या काळ्या पडद्यावरचं.”

“जमतंय की! मला पडदा दिसत नाही, नाहीतर मीच वाचलं असतं. मशीनने काही विचारलं की ‘हो’साठी वाय दाबायचं, बस्स.”

बाई वाय दाबत गेल्या. केबलशेजारचा हिरवा दिवा लुकलुकला. “लागलं गं बाई एकदाचं!” म्हणत त्यांनी पुढच्या प्रश्नालाही वाय दाबलं, आणि मग तो वाचला: ‘नव्या सॉफ्टवेअरला जागा पुरत नाही. ऋजुता या नावाचा सगळा साठा पुसायचा?’

“ऋजू? अगं, बोल ना!”

स्पीकर गप्प होता. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि पासवर्ड मागू लागलं. बाईंनी चष्मा पुसला. मग एकेक बटण शोधत त्या लिहू लागल्या, ‘ऋजू, चुकलं गं माझं. परत ये.’

पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. तरी त्या टाकत राहिल्या. आत पोचतात, असं लेकच म्हणाली होती.